काडीला मूळ फुटेपर्यंत

नामपूरच्या आमच्या घरी स्वयंपाकघरात उगवतीकडे एक खिडकी आहे आणि खिडकीला लागून एक दगडी फळी. मिठाची बरणी, लोणच्याची बरणी, कडधान्यांचे डबे ही त्या फळीवरची जुनी बिऱ्हाडे. २०१९ च्या जानेवारीत तिथे एक परका पाहुणा येऊन बसला. मिठाईवाल्याकडे असतो तसला मोठा, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा डबा, तोही उपडा घातलेला. त्याच्या पोटात एक पसरट कुंडी, कुंडीत ओलसर वाळू आणि नारळाचा भुसा, आणि त्यात ओळीने खोचलेल्या बारा काड्या. ना पान, ना फूल. नुसत्या काड्या.

सकाळी कोणी शेजारी डोकावला की विचारी, "नाना, काय करी राहिनात?" वडील डब्यावरची नजर न काढता म्हणत, "काही नही. वाट देखी राहिनू."

त्या काड्या आमच्या परसातल्या डाळिंबाच्या होत्या. झाड आजीने लावलेले. नेमके कोणत्या साली, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. फळ लहान, साल जाड. बाजारात नेले तर व्यापारी ढुंकून पाहणार नाही. पण दाण्याला अशी काही आंबटगोड चव, की घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या तोंडाला त्यानेच रुची आली. धाकट्या भावाने जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरवले आणि नव्या नकाशातली भिंत नेमकी त्या झाडाच्या बुंध्यातून गेली. भावाचेही चुकत नव्हते. मुले मोठी होत होती, दर पावसाळ्यात धाबे गळत होते. आखाजी झाली की काम सुरू होणार होते.

झाड उचलून दुसरीकडे लावण्याइतके लहान राहिले नव्हते. बी पेरावे, तर डाळिंबाचे बी आईच्या वळणावर जाईलच याचा भरवसा नाही. राहिला एकच मार्ग: फांदीची काडी कापायची आणि तिला मूळ फोडायला लावायचे.

मटकी, घट आणि काचेची बरणी

अशा झाकणाच्या पेटीला बागकामाच्या दुकानात 'प्रॉपगेटर' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण वस्तू अगदी घरगुती. खाली मातीचे पसरट भांडे, वर प्रकाश आत येऊ देणारे झाकण, झाकणाला एखादे भोक, झाली पेटी. थंड मुलुखात तिच्या तळाशी विजेची तार फिरवून मातीला ऊब देतात. आपल्या पेटीला तार नाही, ऊब नाही. खोलीत जेवढी ऊब असेल तेवढीच तिच्या वाट्याला.

ही कला आपल्याला नवी नाही. भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून, वर झाकण ठेवून, रात्रभर उबेला ठेवणारी प्रत्येक गृहिणी हेच करत असते. बीला उगवण्यासाठी पाणी हवे, हवा हवी आणि थोडी ऊब हवी. पुरचुंडीत या तिन्ही गोष्टी असतात. थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो, हेही तिला पुस्तक न वाचता ठाऊक असते.

पुढचा धडा नवरात्रातल्या घटाचा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाभोवती पेरलेले धान्य आठ-नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण कसे? पिवळसर, लांबुडके, कमरेत वाकलेले. देवाच्या दारी ते सोन्यासारखे दिसते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना मात्र ते उपाशी रोप असते. उगवायला उजेड लागत नाही, पण उगवल्या क्षणापासून लागतो. उजेड नसला की रोप असेल नसेल ती ताकद उंच होण्यात घालवते. खिडकीपासून लांब, कपाटावर ठेवलेल्या पेटीतली टोमॅटोची रोपे अशीच होतात आणि आपण म्हणतो, बी खराब निघाले.

बंद काचेतल्या हिरवळीची गोष्ट मात्र लंडनमधल्या एका डॉक्टरची आहे. नॅथॅनिएल वॉर्ड हे त्याचे नाव. १८२९ च्या सुमाराला त्याने एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटलीचे तोंड बंद केले. पतंग कधी बाहेर येतो याची वाट पाहता पाहता मातीतून एक नेचे आणि थोडे गवत उगवून आले. लंडनच्या धुरकट हवेत त्याच्या अंगणातली नेची जगत नव्हती. इथे मात्र न घातलेल्या पाण्यावर नेचे मजेत होते. दिवसा मातीतली ओल वाफ होऊन वर जाई, काचेवर तिचे थेंब होत आणि तेच पाणी पुन्हा मातीत येई. १८३३ मध्ये वॉर्डने काचेच्या दोन बंद पेट्या रोपांसह जहाजातून सिडनीला पाठवल्या आणि रोपे जिवंत पोचली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिंदुस्थानात आणला. हिवतापावरच्या क्विनीनसाठी दक्षिण अमेरिकेतली सिंकोनाची रोपे निलगिरीत आली, तीही अशाच पेट्यांतून.

म्हणजे आपण खिडकीत ठेवलेला मिठाईचा डबा हा चहाच्या मळ्यांचा दूरचा नातेवाईकच म्हणायचा.

डबा काय करतो आणि काय करत नाही

झाडावरून कापलेली काडी ही मोठ्या अडचणीतली वस्तू असते. तिची पाने आणि कोवळी साल पाणी बाहेर टाकत राहतात, आणि पाणी आत घ्यायला मूळ नाही. मिळकत बंद, खर्च चालू. डबा तिला पाणी पाजत नाही, तो फक्त तिचा खर्च थांबवतो. झाकणाखालची हवा दमट राहते, त्यामुळे काडी वाळत नाही आणि मूळ फोडायला तिला थोडे दिवस मिळतात. डब्याचे काम एवढेच, सवड मिळवून देण्याचे.

मूळ फोडायचे काम काडीचे स्वतःचे. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरते, कापलेल्या जागी जखम भरून येताना गाठीसारखा उंचवटा तयार होतो आणि त्याच्या आसपास सालीतून मुळे डोकावू लागतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आयबीए हे याच जातीचे संयुग कापावर लावले तर मुळे जोमाने फुटतात. आज कृषी सेवा केंद्रात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर ती हीच. गुलाब, जास्वंद यांच्या काड्यांना तिचा चांगला उपयोग होतो. पुदिना आणि तुळस यांना तिचीही गरज पडत नाही.

नानांची पद्धत साधी होती. काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, मागच्या हंगामात वाढून पक्की झालेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप सरळ. तिरपे टोक खाली, हे ठरवून टाकले की काडी उलटी खोचली जात नाही. पान नसलेल्या काडीचे डोके कोणते आणि पाय कोणते हे दुसऱ्या दिवशी भल्याभल्यांना सांगता येत नाही! दोन डोळे मातीत, दोन-तीन वर. माती अशी, की मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. खत अजिबात नाही. "ज्याला तोंड नाही त्याला ताट कशाला वाढायचं?" असे ते म्हणत.

माझी चूक

जानेवारीतल्या त्या बारा काड्या म्हणजे आमचा दुसरा प्रयत्न होता. पहिला मी केला होता, डिसेंबरात, आणि तो माझ्या हुशारीने बुडाला.

मी नाशिकहून सुटीत आले होते. कसमादे पट्ट्यातली ती थंडी. निफाडचा पारा वर्तमानपत्रात छापून येतो, पण पहाटेचा कडाका मोसम नदीच्या काठीही काही कमी नसतो. मला वाटले, पेटीला ऊब नाही, काड्या गारठतील. मी डबा उचलून धाब्यावर कोवळ्या उन्हात नेऊन ठेवला आणि सटाण्याला लग्नाला निघून गेले. परत आले तेव्हा दुपार टळली होती. झाकण आतून वाफाळले होते. हात लावला तर चटका बसला. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत माणसाचे जे होते तेच आत काड्यांचे झाले होते.

गंमत अशी, की त्या काड्या लगेच मेल्या नाहीत. आठवड्याभरात दोघींना लालसर कोंबही फुटले. मी आनंदाने भावाला बोलावून दाखवले. नाना मात्र काही बोलले नाहीत. आणखी दहा दिवसांनी कोंब मलूल झाले आणि काळे पडले. काडी उपटून पाहिली तर खाली एकही मूळ नव्हते, सालच कुजली होती.

तेव्हा नानांनी सांगितलेली गोष्ट मी विसरलेले नाही. काडीच्या पोटात थोडी शिदोरी असते. त्या शिदोरीवर ती पालवी काढून दाखवते. पालवी फुटली म्हणजे मूळ फुटले, असे नाही. खरे काम मातीखाली चालते आणि ते दिसत नाही. रोज उपटून पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. महिन्याभराने काडीला अगदी हलका ओढा द्यावा. तिने आतून धरून ठेवले तर समजावे, की तिने मातीशी सोयरीक जुळवली.

आपल्याकडच्या पेटीचा शत्रू थंडी नव्हे, ऊन. थंडीने काडी सुस्तावते, जास्त दिवस घेते, एवढेच. पण बंद झाकणाखाली थेट ऊन आले तर तासाभरात सगळे आटोपते. सिंकोनाच्या पेट्यांचेही तेच झाले होते. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमने आणलेली पहिली खेप तांबड्या समुद्राच्या उष्म्यातून आली आणि ती रोपे जगली नाहीत. हे वाचले तेव्हा मला जरा बरे वाटले. माझ्या पंगतीला मोठी माणसे होती.

दुसऱ्या वेळी डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर आला. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. दिवसभर उजेड, ऊन नाही, आणि शेजारच्या शेगडीची रात्री उशिरापर्यंत टिकणारी थोडी ऊब. सकाळी झाकणावर बारीक धुके दिसले की पाणी बेताचे आहे. थेंब ओघळू लागले की जास्त झाले. मग झाकण थोडे तिरपे ठेवायचे. झाकण कोरडे असेल तर फवाऱ्याने एक शिडकावा. रोज सकाळी चहाच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडे. बुरशी दिसली, काडी काळी पडली, की ती लगेच बाहेर.

ज्याची काडी, त्याचे सारे काही

काड्या कुठून घ्यायच्या, यावरून मात्र घरात वाद झाला होता. भावाचे म्हणणे, एवीतेवी काड्या लावतोच आहोत तर मळ्यात उरलेल्या भगव्याच्याही चार लावू. भगवा म्हणजे बाजाराचे डाळिंब. मोठे, तांबडेलाल, दूरच्या प्रवासाला टिकणारे. नाना एकदम म्हणाले, "नाही." आवाज चढवून बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्या दिवशी चढला.

त्यामागे मोठी कहाणी आहे. काडी लावून केलेले झाड म्हणजे मूळ झाडाचे मूल नव्हे. ते तेच झाड असते, फक्त दुसऱ्या जागी उभे. महाराष्ट्राच्या डाळिंबाची भरभराट याच गुणावर झाली. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ मध्ये डॉ. चिमा यांनी आळंदी डाळिंबातून जो वाण निवडला तो 'गणेश'. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला, आरक्ता, भगवा हे वाण दिले. निवडलेले एक झाड हजारो बांधांवर पोचले ते फाटे कलमांनी आणि गुटी कलमांनी. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कोरडवाहू पट्ट्यात डाळिंबाने पैसा आणला. पक्की घरे झाली, पोरे शिकली. मीही त्यातलीच एक.

पण काडीबरोबर गुण जातो तसा रोगही जातो. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, दिल्लीत. २००० नंतरच्या दशकात त्याने महाराष्ट्रातल्या बागा धरल्या. पानावर तेल सांडल्यासारखा डाग, फळावर काळे ठिपके आणि मग भेग. पावसाच्या उडत्या थेंबाने तो पसरतो, छाटणीच्या कात्रीने पसरतो आणि रोगट बागेतून आणलेल्या रोपाबरोबर तर कोसच्या कोस जातो. वरून ठणठणीत दिसणाऱ्या काडीतही तो दबा धरून असू शकतो. म्हणूनच निरोगी मातृवृक्षावरूनच कलमे घ्या, असे शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. सोलापुरात २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा तेल्या हे त्याच्यापुढचे एक मोठे आव्हान होते.

आमची बाग चांगली चालली होती तेव्हा नानांची गुटी सगळीकडे मागितली जायची. नात्यातल्यांनी मागितली, शेजारच्या शिवारातल्यांनी मागितली. नानांनी कोणाला नाही म्हटले नाही, की पैसे घेतले नाहीत. रोप फुकट द्यावे, त्याने हाताला गुण राहतो, ही त्यांची श्रद्धा. २००९ मध्ये आमच्या बागेत तेल्या दिसला. पुढच्या दोन पावसाळ्यांत, ज्यांनी आमची रोपे नेली होती त्यांच्यापैकी काहींच्या बागेतही दिसला. तो आमच्याच गुटीबरोबर गेला की पावसाबरोबर, की आणखी कुठून, हे कोणालाच सांगता येणार नाही. कोणी तोंडावर कधी काही बोललेही नाही. पण बाग उपटून जाळली त्या संध्याकाळी नाना आईला म्हणाले होते, "मी माझ्या हातानं वाटलं गं हे."

त्यानंतर दहा वर्षे त्यांनी कोणाला काडी दिली नव्हती.

म्हणून परसातल्या झाडावरून काड्या घेण्याआधी आठवडाभर ते रोज त्याच्याखाली उभे राहिले. पान न् पान उलटून पाहिले, फांदीच्या बेचक्या पाहिल्या, मागच्या हंगामाची वाळलेली फळे फोडून पाहिली. मळ्यापासून दूर, घरांच्या गर्दीत एकटे उभे असलेले ते झाड त्या साथीतून सुटले होते. कात्री उकळत्या पाण्यातून काढून मगच पहिला काप घेतला. बंद पेटीत ओल जपली जाते तशी बुरशी आणि जिवाणूही जपले जातात. डब्याला बरे-वाईट कळत नाही; जे आत ठेवाल ते तो सांभाळतो. निवड करायची ती झाकण लावण्याआधी.

झाकण काढण्याची वेळ

फेब्रुवारीच्या शेवटी बारांपैकी पाच काड्यांनी ओढ धरली. सात गेल्या. घरगुती पेटीत एवढी गळती व्हायचीच. म्हणून हवी असतील त्याच्या दुप्पट काड्या लावाव्यात, हा साधा हिशेब.

नवख्या माणसाचे उरलेले रोप मरते ते इथे. मूळ फुटले म्हणून तो उत्साहाने झाकण काढतो आणि रोप अंगणात ठेवतो. दीड महिना दमट हवेत वाढलेल्या पानांना वारा कसला ते ठाऊक नसते. ती दुपारपर्यंत माना टाकतात. झाकण हळूहळू काढायचे असते. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग दिवसभर उघडे आणि रात्री बंद, असे करत दहा-बारा दिवसांनी झाकण कायमचे बाजूला. मग सावलीत, मग सकाळच्या उन्हात.

बियांपासून रोपे करताना मात्र नियम उलटा. काडीला झाकण बरेच दिवस लागते, बीला फक्त उगवेपर्यंत. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या बियांनी मातीतून मान वर काढली की त्याच दिवसापासून झाकण उघडायला लागावे. नाहीतर दमटपणात बुरशी बुडाला धरते आणि रोपे एका रात्रीत आडवी होतात. कांद्याचे उळे टाकणाऱ्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बी दाट पडले आणि वाफ्यात पाणी साचले, की रोप गेलेच.

आखाजी आली, सासुरवाशिणी माहेरी आल्या, झोके बांधले गेले. नंतरच्या आठवड्यात आजीचे झाड पडले. नाना त्या दिवशी बाजार समितीत कांद्याचे भाव बघायला गेले होते, म्हणजे तसे सांगून गेले होते. संध्याकाळी आल्यावर त्यांनी मोकळ्या जागेकडे पाहिले नाही. ते थेट ओट्यावर गेले आणि पाच पिशव्यांना पाणी घातले.

आम्हाला वाटले, गोष्ट संपली. नानांच्या लेखी ती आता सुरू होत होती. पाचही पिशव्या त्यांनी एकमेकींपासून दोन-दोन हात लांब ठेवल्या. शेजारच्यांनी एक रोप मागितले, तर म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या." त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला. नाना रोज चष्मा लावून पाने उलटी करून पाहत. ऑगस्टमध्ये एका रोपाच्या दोन पानांवर बारीक काळपट ठिपके दिसले. तो तेल्याच होता की नुसता पानावरचा डाग, कोण जाणे. नानांनी खात्री करून घेण्यासाठी वाट पाहिली नाही. पिशवीसकट ते रोप नेऊन जाळले.

उरली चार. पाऊस सरला, थंडी पडली, पाने स्वच्छ राहिली. डिसेंबरात एका सकाळी नानांनी त्यातले एक रोप सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवले आणि ते गावाबाहेरच्या एका मळ्याकडे निघाले. तिथल्या शेतकऱ्याने एकेकाळी आमच्याकडून चाळीस गुट्या नेल्या होत्या आणि पुढे त्याचीही बाग उपटली गेली होती. इतकी वर्षे दोघे रस्त्यात भेटत, रामराम करत, पण बसून बोलत नव्हते.

दुपारी नाना परतले तेव्हा सायकलला पिशवी नव्हती. आईने विचारले, "काय म्हणाले ते?"

"काही नाही," नाना म्हणाले. "चहा पाजला."